व्यसन एक, वाटा दोन

प्रस्तावना

संस्कृत भाषेत 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ 'संकट' असा आहे. मराठीत आज आपण हा शब्द घातक सवयीसाठी वापरतो. परंतु त्याचा जुना अर्थही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तंबाखू, दारू, गांजा, अफू किंवा गुंगी आणणारी औषधे यांच्या आहारी गेलेल्या माणसावर आणि त्याच्या कुटुंबावर खरोखरच संकट कोसळलेले असते.

व्यसनी माणसाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. ते बहुधा पुरुषाचेच असेल. 'दारुडा' हा शब्द आपल्या कानांवर नेहमी पडतो. त्याचे स्त्रीलिंगी रूप क्वचितच कोणी उच्चारते. जणू हे संकट पुरुषावर येते आणि त्याची झळ तेवढी स्त्रीला लागते, असे भाषेनेही गृहीत धरले आहे. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• स्त्री आणि पुरुष यांच्या व्यसनाधीनतेतील फरक व त्यांची कारणे सांगू शकाल;
• व्यसनाचा स्त्रीच्या शरीरावर होणारा विशेष परिणाम समजावून देऊ शकाल;
• उपचार व प्रतिबंध यांची योजना करताना हा फरक का लक्षात घ्यावा लागतो, ते स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने देशभर एक मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के आहे, असे त्या पाहणीत आढळले. म्हणजे दारू पिणाऱ्या एका स्त्रीमागे सुमारे सतरा पुरुष आहेत.

तंबाखूचे चित्र मात्र निराळे आहे. २०१६-१७ मधील जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होत्या. त्यातही एक भेद आहे. विडी-सिगारेट ओढणारे पुरुष १९ टक्के होते आणि स्त्रिया अवघ्या २ टक्के. परंतु तंबाखू चघळणे, दातांना लावणे अशा धूरविरहित सेवनात पुरुष २९.६ टक्के आणि स्त्रिया १२.८ टक्के होत्या. धूर चारचौघांना दिसतो. गालात धरलेली तंबाखूची चिमूट दिसत नाही. जे सेवन झाकता येते, त्यात स्त्री-पुरुषांमधील अंतर झपाट्याने कमी होते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आता अरुणाचल प्रदेशाकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेथील सुमारे २४ टक्के स्त्रियांनी आपण मद्य घेत असल्याचे सांगितले. देशभरात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. तेथील अनेक जमातींमध्ये तांदळापासून घरीच मद्य तयार करण्याची जुनी परंपरा आहे. सणासमारंभात स्त्रियांनी ते घेणे तेथे निषिद्ध मानले जात नाही. यावरून असे दिसते की, स्त्री-पुरुषांच्या व्यसनातील अंतर निसर्गाने कायमचे आखून दिलेले नाही. समाज कोणाला काय करू देतो आणि कोणाला काय लपवायला लावतो, यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. शिवाय अशा पाहण्या घरोघरी प्रश्न विचारून केल्या जातात. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना एखादी स्त्री सगळे मोकळेपणाने सांगेलच, असे नाही.

सुरुवात कशी होते?

पुरुषांच्या व्यसनाची सुरुवात बहुतेक वेळा मित्रांच्या संगतीत होते. 'एवढीही झेपत नाही? मग तू पुरुष कसला?' अशा थट्टेपुढे वयात येणारा मुलगा हार खातो. कष्टाचा शीण, बेकारीची चिंता, अपयशाचे दुःख हे सारे बोलून दाखवणे पुरुषाला शोभत नाही, असे त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. जे बोलता येत नाही, ते तो पेल्यात बुडवू पाहतो. समाजही त्याच्याकडे बराच काळ कानाडोळा करतो. 'पितो, पण मनाने चांगला आहे' हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो!

स्त्रीची वाट बहुधा घरातून सुरू होते. आजीची किंवा आईची मशेरीची डबी हाताशी असते. कधी नवऱ्याच्या आग्रहाने पहिला घोट घेतला जातो. कधी अंगदुखीसाठी, झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दुखणे संपल्यावरही सुटत नाहीत. व्यसनाधीन स्त्रियांमध्ये खिन्नता, चिंता आणि पूर्वी सोसलेला छळ यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांना आढळले आहे. अशा स्त्रीच्या बाबतीत व्यसन हे पुष्कळदा आधीच्या जखमेवर तिने स्वतःच बांधलेली चुकीची पट्टी असते.

शरीराचे गणित

एकाच वजनाच्या स्त्रीने व पुरुषाने सारखीच दारू घेतली, तरी स्त्रीच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण अधिक वाढते. याची दोन प्रमुख कारणे आहेत. पुरुषाच्या शरीरात सुमारे ६० टक्के पाणी असते. स्त्रीच्या शरीरात ते सुमारे ५० टक्के असते आणि चरबी तुलनेने अधिक असते. मद्यार्क पाण्यात मिसळतो, चरबीत फारसा मिसळत नाही. कमी पाण्यात तेवढाच मद्यार्क मिसळला की तो अधिक तीव्र होतो. दुसरे कारण असे की, जठरातच मद्यार्काचे काही प्रमाणात विघटन करणारे एक विकर असते. त्याचे कार्य स्त्रियांमध्ये कमी प्रमाणात होते.

याचे परिणाम गंभीर आहेत. यकृताचा आजार आणि हृदयाच्या स्नायूंची हानी स्त्रीमध्ये कमी प्रमाणातील व कमी वर्षांच्या मद्यपानानेही होऊ शकते. मद्यामुळे स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. दुर्बिणीची लांब नळी आत सरकवली की ती आखूड होते. त्याचप्रमाणे, उपचारासाठी आलेल्या अनेक स्त्रियांमध्ये पहिल्या घोटापासून पूर्ण व्यसनाधीनतेपर्यंतचा काळ पुरुषांच्या तुलनेत आखूड असल्याचे आढळले आहे. पुरुष जे अंतर अनेक वर्षांत चालतो, ते स्त्री लवकर ओलांडते.

औषधांच्या बाबतीतही असा फरक पडतो. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रीच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. ते ध्यानात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१३ साली स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा निम्म्यावर आणली. तोपर्यंत ती स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच दिली जात असे.

याचा अर्थ पुरुष सुरक्षित आहे, असा मात्र मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात मद्यामुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले. त्यांतील २० लाख पुरुषांचे होते. पुरुष अधिक संख्येने पितात, अधिक प्रमाणात पितात आणि त्यामुळे अधिक संख्येने मरतात. स्त्रिया संख्येने थोड्या असल्या, तरी पिणाऱ्या प्रत्येकीची हानी वेगाने होते. संकट दोघांवरही आहे. त्याचे रूप तेवढे वेगळे आहे.

मशेरी : व्यसन न वाटणारे व्यसन

महाराष्ट्रातील अनेक घरांत तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात आणि तिची पूड करून ठेवतात. हीच मशेरी किंवा मिश्री. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने ती बोटाने हिरड्यांना लावली जाते. हळूहळू दुपारी, संध्याकाळी, कामाच्या मध्येच पुन्हा डबी उघडली जाते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते, कामाला हात लागत नाही, असे तिचा वापर करणाऱ्या स्त्रिया सांगतात. ही सारी निकोटिनच्या गुलामीची लक्षणे आहेत. परंतु 'तुम्हाला काही व्यसन आहे का?' असे विचारल्यास यांतील कितीतरी जणी 'छे, छे' असेच उत्तर देतील. कारण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दंतमंजन.

दंतमंजने व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. बाजारातील डबीवर कायदा चालतो. स्वयंपाकघरातील तव्यावर तो कसा चालणार?

मशेरीची झळ बाळापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते, असे त्यात दिसून आले. अशा मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाणही अधिक होते. आधीच कृश असलेल्या आईच्या बाळासाठी शंभर ग्रॅम हे लहान माप नव्हे. म्हणून गरोदर स्त्रीची तपासणी करताना 'तुम्ही दात कशाने घासता?' हा साधा प्रश्न विचारणे फार मोलाचे ठरते. 'व्यसन' या शब्दाने जे दडून राहते, ते या प्रश्नाने सहज उघड होते.

उपचाराच्या दारापर्यंत

व्यसनाधीनता हा आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. तरीही उपचार मिळणाऱ्यांची संख्या अत्यल्प आहे. वर उल्लेखिलेल्या २०१९ च्या अहवालानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळाला होता. त्या एकाच्या जागी स्त्री असण्याचा संभव आणखी कमी. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने आपल्या २०१६ च्या अहवालात नमूद केले आहे की, जगभरातील अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये स्त्रिया एक तृतीयांश आहेत. परंतु उपचार घेणाऱ्यांमध्ये त्या एक पंचमांशच आहेत.

असे का व्हावे? नवरा पीत असेल, तर त्याला हाताला धरून व्यसनमुक्ती केंद्रात आणणारी बहुधा पत्नी असते, आई असते. त्याच्या भरतीच्या काळात घर, मुले आणि शेती तीच सांभाळते. पत्नी व्यसनात अडकली, तर तिला कोण घेऊन येते? पुष्कळदा गोष्ट झाकली जाते. झाकता येईनाशी झाली की तिला माहेरी धाडले जाते. 'बाई असून पिते' या तीन शब्दांत तिचे आजारपण संपते आणि चारित्र्याची चर्चा सुरू होते. लहान मुलांना कोणाकडे ठेवायचे, केंद्रात सगळे पुरुषच असले तर राहायचे कसे, मुले आपल्यापासून तोडली तर जाणार नाहीत ना, या प्रश्नांनीही तिची पावले अडखळतात. दार सर्वांसाठी उघडे आहे, एवढे म्हणून भागत नाही. त्या दारापर्यंत जाण्याची वाट दोघांसाठी सारखी नाही.

भारतातील व्यसनमुक्तीच्या कार्याचा पाया घालण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. पतीला व्यसनामुळे गमावल्यानंतर शांती रंगनाथन यांनी १९८० साली चेन्नई येथे टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाची स्थापना केली. तेथील रुग्णालयात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबावरही उपचार करण्याचा आग्रह धरला गेला. पुण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. रुग्णांच्या पत्नींना आपले मन मोकळे करता यावे यासाठी तेथे 'सहचरी' हा गट आहे, तर व्यसनाधीन स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग पुढे सुरू करण्यात आला. पत्नी म्हणून स्त्रीला मदत हवी असते, तशीच रुग्ण म्हणूनही हवी असते, हे या दोन नावांवरून कळते.

उपचार कसा असावा?

उपचाराची पहिली पायरी दोघांसाठी सारखीच आहे. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा लागतो. त्यानंतर समुपदेशन, गटोपचार, आवश्यक ती औषधे आणि पुन्हा घसरण होऊ नये यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा, असा क्रम असतो.

स्त्री रुग्णाच्या बाबतीत यात काही गोष्टींची भर घालावी लागते. स्त्री समुपदेशक आणि स्त्रियांचा स्वतंत्र गट असावा. कारण पुरुषांच्या गटात छळाची किंवा अत्याचाराची कहाणी सांगणे तिला अशक्य होते. मुलांच्या सांभाळाची सोय असावी. तिच्या मनातील खिन्नतेवर त्याच वेळी उपचार व्हावेत. ती गरोदर आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी. अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या गरोदर स्त्रीने ते एकदम सोडू नयेत, तर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधे देखरेखीखाली घ्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. आणि ज्या घरात तिला मारहाण होते, त्याच घरात तिला परत पाठवायचे असेल, तर आधी तिच्या सुरक्षिततेचा विचार झाला पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा येथे तिचा आधार होऊ शकतो.

पुरुष रुग्णाच्या गरजाही समजून घ्यायला हव्यात. मदत मागणे म्हणजे दुबळेपणा, ही त्याची समजूत उपचारातील मोठा अडसर असते. अश्रू ढाळता येतील, भीती बोलून दाखवता येईल, अशी जागा त्याला प्रथमच त्या गटात मिळते. राग आला म्हणजे हात उगारायचा, ही सवय मोडल्याशिवाय त्याची व्यसनमुक्ती पुरी झाली असे म्हणता येत नाही.

प्रतिबंध : अक्षरांची ताकद

प्रौढ शिक्षणाशी निगडित असलेली एक घटना येथे आवर्जून सांगितली पाहिजे. १९९०-९१ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम सुरू होती. तेथील वाचनपाठांत दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची आणि एकजूट झालेल्या स्त्रियांची गोष्ट होती. ती वाचताना दुबगुंटा गावच्या स्त्रियांना त्यात आपलेच जीवन दिसले. त्यांनी गावातील 'अरक' म्हणजे स्थानिक दारूची विक्री बंद पाडली. १९९२ मध्ये हे आंदोलन गावोगाव पसरले आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारला राज्यभर अरकविक्री बंद करावी लागली. १९९५ मध्ये तेथे संपूर्ण दारूबंदी आली. मात्र १९९७ मध्ये ती शिथिल करण्यात आली. महाराष्ट्रातही गावातील दारूचे दुकान हटवण्यासाठी स्त्रियांना मतदानाने कौल देता येतो. 'उभी बाटली' की 'आडवी बाटली', अशी त्या मतदानाची ओळख आहे.

या लढ्यांनी स्त्रियांचे सामर्थ्य सिद्ध केले. त्याबरोबर दोन धडेही दिले. पहिला असा की, केवळ बंदीचा कायदा टिकत नाही. त्याला उपचाराची आणि लोकशिक्षणाची जोड लागते. दुसरा असा की, स्त्री ही दारूविरुद्ध लढणारी असते, हे चित्र इतके ठसले आहे की तीही रुग्ण असू शकते, याचा आपल्याला विसर पडतो.

प्रतिबंधाची सुरुवात घरातच करता येते. मुलाला रडू आले तर 'मुलीसारखा काय रडतोस?' असे म्हणू नये. मुलीच्या हाती मशेरीची डबी देऊ नये आणि तिच्यासमोर ती उघडूही नये. झोपेच्या वा वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नयेत. आणि घरातील कोणी व्यसनात अडकले, तर तो मुलगा आहे की सून, हे पाहून आपले वागणे बदलू नये. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी 'नशामुक्त भारत अभियान' २७२ जिल्ह्यांत सुरू केले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. तेथे स्त्री किंवा पुरुष कोणीही आपली अडचण सांगून सल्ला घेऊ शकते.

तुम्ही काय शिकलात?

• भारतात व्यसनी पुरुषांची संख्या अधिक आहे. परंतु स्त्रियांचे व्यसन बरेचसे झाकलेले राहते.
• शरीररचनेमुळे मद्याची हानी स्त्रीमध्ये लवकर व अधिक होते.
• लाज, घरची जबाबदारी आणि सोयींचा अभाव यांमुळे स्त्रिया उपचारापर्यंत कमी पोहोचतात.
• उपचार व प्रतिबंध दोघांच्या गरजा ओळखून आखले, तरच ते परिणामकारक ठरतात.

शब्दार्थ

आहारी जाणे – पूर्णपणे ताब्यात जाणे
कानाडोळा करणे – दुर्लक्ष करणे
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारा घटक
कृश – अशक्त, बारीक
समुपदेशन – अडचणीत असलेल्या व्यक्तीशी संवाद साधून तिला मार्ग शोधण्यास मदत करणे
शिथिल करणे – सैल करणे

स्वाध्याय

१. धूरविरहित तंबाखूच्या सेवनात स्त्री-पुरुषांमधील अंतर कमी का दिसते?
२. 'दार सर्वांसाठी उघडे आहे, एवढे म्हणून भागत नाही.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. नेल्लोर जिल्ह्यातील आंदोलनाशी साक्षरतेचा संबंध कसा होता, ते लिहा.
४. तुमच्या परिसरात मशेरी किंवा तत्सम पदार्थ वापरणाऱ्या दोन व्यक्तींशी बोला. ती सवय त्यांना कशी लागली, ते आठ-दहा वाक्यांत लिहा. त्यांची नावे लिहू नका.